इंद्रा आंटीची फाटकी रोटी

माझ्या आईला काहीही समजावून सांगण्याचा नाद मी पंधराव्या वर्षीच सोडला असता, पण आमच्या घरात दुभाष्याचं काम करणारं दुसरं कुणी नव्हतं. जिझानला आमचं घर कंपाउंडच्या शेवटच्या रांगेत होतं. मागे भिंत, भिंतीपलीकडे वाळू, आणि तिच्याही पलीकडे समुद्र, जो आम्हाला घरातून कधी दिसला नाही. त्याचा दमटपणा तेवढा उशांत, कपाटांत आणि मिठाच्या बरणीत येऊन बसायचा. बाबा रिफायनरीत इंजिनिअर होते. सकाळी 'यल्ला, यल्ला' करत निघायचे आणि संध्याकाळी 'खलास' म्हणून सोफ्यावर आडवे व्हायचे. मधला सगळा दिवस आईचा आणि एसीच्या घरघरीचा. आई नाशिकची, आणि पोळीच्या बाबतीत भलतीच कडक. पोळी गोल हवी, पातळ हवी, तिचे पदर सुटायला हवेत, आणि ती अखंड हवी. लाटताना एखादी फाटलीच तर ती चळतीच्या अगदी तळाशी जायची आणि शेवटी आई स्वतः खायची. फाटकी पोळी दुसऱ्या कुणाच्या ताटात पडली, असं आमच्याकडे कधी झालं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

शेजारचं घर बरेच दिवस रिकामं होतं. तिथे डेरेक अंकल आणि इंद्रा आंटी राहायला आले. अंकल बाबांच्याच प्लांटवर होते, आणि दोघंही त्रिनिदादचे. आता हे आईला सांगायचं म्हणजे दिव्यच होतं.

"त्रिनिदाद म्हणजे केरळच्या बाजूला का गं?"

"आई, वेस्ट इंडीज."

"ते क्रिकेटवाले? पण ही तर आपल्यातली दिसते."

"त्यांचे पूर्वज इंडियातून गेले होते. खूप आधी."

"मग हिंदी येत असेल की."

"नाही येत."

"असं कसं नाही येणार? नाव इंद्रा आहे ना. आणि इंद्र तर पुरुष असतो."

"आय डोन्ट नो, आई," मी म्हणायचे आणि खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे.

आईचा विश्वास काही बसला नाही. ती दुसऱ्याच दिवशी दडप्या पोह्यांची वाटी घेऊन शेजारी गेली आणि आपल्या नाशकातल्या हिंदीत सुरू झाली, "आपके उधर गरमी ऐसीच होती क्या?" आंटी नुसती हसली. आईने तेच जास्त मोठ्याने विचारलं. आंटी अजून हसली. मी मध्ये उभी राहून दोन्हीकडचं इकडून तिकडे करत होते, आणि खरं सांगायचं तर दोघींचाही मला राग येत होता. तेवढ्यात आंटीने ओट्याकडे बोट दाखवून 'तवा' म्हटलं, मग 'बेलना' म्हटलं, मग 'जीरा'. झालं. आई घरी येईपर्यंत तिचा निकाल लागला होता. बाईला हिंदी येतं, पण दाखवायचं नाही. फॉरेनची ना ती.

खरी गोष्ट मला आंटीने पुढे सांगितली, आणि ती अशी की तिच्या घराण्यातली सगळी भाषा गेली होती, स्वयंपाकघरातली तेवढी शिल्लक राहिली होती. तिच्या आजीची आजी बिहारकडच्या कुठल्याशा गावातून जहाजात बसून ऊस तोडायला गेली. कुठलं गाव, ते कुणाला ठाऊक नाही. तिथे गहू पिकत नव्हता. मळ्यावर शिधा मिळायचा, त्यातल्या पिठाच्या रोट्या व्हायच्या, आणि शेतावर नेताना भाजी त्या रोटीतच गुंडाळून न्यायची, म्हणजे ताटवाटीची भानगड नको. पुढे त्या बेटावरची सगळीच माणसं, अगदी ज्यांचा हिंदुस्थानाशी काही संबंध नाही तीसुद्धा, रस्त्यावर उभ्याने तशी रोटी खाऊ लागली. आंटी म्हणायची, आमच्याकडे परदेशातून कुणी परत आलं की घरी जायच्या आधी रोटीच्या दुकानात जातं. (आंटी बोलायची तिच्या बेटावरच्या हेलकाव्याच्या इंग्रजीत, मी ते इथे मराठीत लिहिते आहे. दुभाष्याचं काम अजून सुटलेलं नाही.)

तिच्या रोटीचे तीन प्रकार होते. साधी, जाड आणि टम्म फुगलेली, ती न्याहारीला, भाजलेल्या वांग्याबरोबर. दुसरी डाळपुरी. वाटाण्याची डाळ अर्धीकच्ची शिजवून कोरडी दळायची, तिच्यात जिरं, लसूण, मिरची घालायची, आणि ती भरून रोटी अशी पातळ लाटायची की आतली पिवळी डाळ बाहेरून दिसावी. आंटीने पहिल्यांदा ती आमच्याकडे पाठवली, तेव्हा आईने एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि कळवळून म्हणाली, "गूळ घालायचा विसरली बिचारी." मी सांगून पाहिलं की ही पुरणपोळी नाही, ही अशीच असते. आई म्हणाली, पुरण भरल्यावर पुरणपोळी नाही तर काय.

तिसरा प्रकार मला सगळ्यांत प्रिय होता. मैद्याची सैलसर कणीक, तिची मोठी पोळी लाटून तूप माखायचं, मध्यापासून कडेपर्यंत एक चीर द्यायची, शंकूसारखी गुंडाळून पुन्हा लाटायची आणि भल्यामोठ्या तव्यावर भाजायची. इथवर आपल्या लच्छा पराठ्यासारखंच. पण भाजून झाली की आंटी दोन लाकडी उलथनी घ्यायची आणि तव्यावरच त्या रोटीला दोन्ही हातांनी बडव बडव बडवायची. पदर न् पदर सुटून तिच्या मऊ चिंध्या झाल्या की पंच्यात गुंडाळून ठेवायची. त्यांच्याकडे तिचं नावच मुळी फाटक्या शर्टावरून पडलेलं आहे. त्या चिंध्या बोटांनी उचलायच्या आणि छोल्यात, भोपळ्याच्या भाजीत बुडवून खायच्या. आजवर मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ काही खाल्लं, पण इतक्या आनंदाने हात बरबटून घेतलेले आठवत नाहीत.

हा सगळा आनंद मी चोरून घेत होते. सुरुवातीला एकदा मी तिच्याकडून भरपेट खाऊन आले आणि रात्री ताटावर नुसती बसून राहिले, तर आई रडलीच. "मी इथे दिवसभर कुणासाठी करते?" वगैरे. इथे तिला दुसरं होतं तरी काय, हे मला आता कळतं. तेव्हा नुसतं अंगावर यायचं. मी शपथ घेतली की शेजारी खाणार नाही. पण आंटी लग्नाआधी गणिताची शिक्षिका होती आणि माझं गणित भयंकर होतं, म्हणून शाळेची बस उतरल्यावर तासभर तिच्याकडे शिकवणीला जायचं हे आईनेच ठरवलं. मग काय. एक प्रमेय आणि एक रोटी असा अभ्यास चालायचा. डब्यातली भाजी मी मधल्या सुट्टीत खायचे, पण आंटीकडे भूक राहावी म्हणून तीन पोळ्या तशाच ठेवायचे. डबा रिकामा जायला हवा, कारण घरी आई उघडून बघायची. त्या पोळ्या आंटी खायची. चहात साखर कमी घालायची आणि पोळीवर तूप-साखर भुरभुरून, गुंडाळी करून, चहात बुडवून, डोळे मिटून खायची. 'पोळी' हा शब्द ती माझ्याकडून शिकली होती. "डबा संपला?" आई विचारायची. "हो," मी म्हणायचे. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

त्यांना येऊन तीन महिने होत नाहीत तोच आंटीची आई तिकडे वारली. एकुलती एक मुलगी. पण बाहेर जाऊन परत यायचा व्हिसा निघेना. पासपोर्ट अंकलच्या ऑफिसात, सही करणारा साहेब रजेवर, आणि खिडकीवरचा माणूस रोज 'बुकरा, इन्शाल्ला' म्हणे, म्हणजे उद्या. तो उद्या आला तोवर अंत्यसंस्कार होऊन गेले. आंटीने ते फोनच्या स्क्रीनवर पाहिले. माझी आई मुगाची खिचडी घेऊन गेली आणि तिचा हात हातात धरून अर्धा तास हिंदीत बोलत बसली. त्या दिवशी मी भाषांतर केलं नाही, कुणाला लागलंही नाही. त्यानंतर मात्र आंटीने ती फाटकी रोटी केली नाही. उलथनी तिच्या आईची होती, लग्नात दिलेली. ती तिने धुऊन, पुसून वरच्या कपाटात ठेवून दिली.

वर्ष झालं. वर्षाचं म्हणून एका शुक्रवारी आपल्या माणसांना जेवायला बोलवायचं आंटीने ठरवलं. त्यांची माणसं म्हणजे खमीस मुशैतच्या दोन नर्स, ज्या घाट उतरून येणार होत्या, आणि जेद्दाहून रात्रभर गाडी चालवत येणारी दोन कुटुंबं. गेलेल्या आईच्या आवडीचं सगळं करायचं, पहिलं पान तिच्यासाठी वाढून ठेवायचं, आणि रोटी तीच. हे सगळं आंटीने मला आठवडाभर आधी सांगितलं होतं. तुझ्या आईला सांग, तिने यावं, असंही म्हणाली. मी घरी येऊन काय सांगितलं असेल? "शुक्रवारी त्यांचे लोक जेवायला येणारेत. तुला बोलावलंय मदतीला." बस्स. वर्षश्राद्ध म्हटलं असतं तर आईने दहा प्रश्न विचारले असते, आणि रोटी कुठली ते सांगितलं असतं तर तुला गं कसं माहीत, हा अकरावा. मला तेव्हा प्रत्येक प्रश्नाचा कंटाळा होता.

शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो, तेव्हा आंटीचा स्वयंपाक उरकत आला होता. पहाटेपासून एकटीने केला होता. गेटवरून अंकलचा फोन आला की एका गाडीचा नंबर यादीत चुकलाय, सिक्युरिटी आत सोडत नाही, अर्धा तास तरी लागेल. आंटीने मला सांगितलं, तेवढ्यात मी आंघोळ करून साडी नेसून येते, आईला म्हणावं भोपळ्याकडे लक्ष ठेव. ती वर गेली. आईने भोपळा हलवला, छोल्यांचा वास घेतला, आणि मग ओट्यावरच्या मोठ्या परातीवरचा पंचा उचलला.

"अगं बाई."

पंच्याखाली चिंध्यांचा डोंगर होता. मऊ, पांढरा, तुपाने चकाकणारा.

"बिचारीच्या सगळ्याच्या सगळ्या फाटल्या गं. एकसुद्धा धड नाही." आई खालच्या आवाजात बोलत होती, जसं आजाऱ्याच्या खोलीत बोलतात. "आणि माणसं दारात आलीयेत. काय वाटलं असेल तिला. बघ, झाकून ठेवलंय."

मी तोंड उघडलं. तिथेच एक वाक्य बोलायचं होतं, 'आई, ती तशीच असते.' पण त्याच्या मागोमाग येणारा अकरावा प्रश्न मला स्पष्ट दिसत होता, आणि त्याच्यामागे वर्षभराची शिकवणी. मी तोंड मिटलं.

आई आमच्या घरी जाऊन शेंगदाणे, मोहरी, कढीपत्ता आणि चार कांदे घेऊन आली. तिची लगबग बघवत नव्हती. आपण एका बाईची लाज राखतोय या आनंदात तिचे हात भराभर चालत होते. तिने कांदा चिरला, तोवर मला वेळ होता. तेल तापलं, मोहरी तडतडली, तोवरही होता. तिने ती परात कढईवर कलती केली, तेव्हा मात्र मी खिडकीतून बाहेर बघत होते. सकाळच्या उरलेल्या पोळ्यांची करतात तशी उत्तम, पिवळीधमक फोडणीची पोळी तयार झाली. वर लिंबू पिळलं, साखरेची चिमूट टाकली. वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं, हे लिहिताना अजून शरम वाटते.

आंटी खाली आली. ओले केस, पांढरी साडी, आणि हातात तिच्या आईचा फोटो. ती कढईपाशी थांबली. आई हसून, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चिंता मत करो. किसी को पता नहीं चलेगा."

आंटीने माझ्याकडे पाहिलं. "माझी रोटी कुठेय?"

"आईला वाटलं ती चुकून फाटली," मी म्हणाले. "म्हणून तिने..."

"तिला वाटणारच. पण तुला माहीत होतं."

आवाज चढवला नव्हता. गणितात चूक झाली की ज्या सुरात सांगायची, त्याच सुरात म्हणाली.

"काय म्हणते गं?" आईने विचारलं.

मी कढईखालचा गॅस बंद केला.

"अगं, काय म्हणते ती? सांग ना."

इतक्या वर्षांत मी दोन भाषांच्या मध्ये उभी राहून काय काय सांगितलं असेल, पण एवढं जड वाक्य माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही. "ती म्हणते, मला माहीत होतं," मी म्हटलं. आणि मग एकदा तोंड उघडल्यावर सगळंच सांगितलं. रोटी अशीच असते, फाडायचीच असते. तिच्या आईची आहे. आज वर्षश्राद्ध आहे. पहिलं पान तिच्या आईचं आहे.

आई आधी माझ्याकडे, मग फोटोकडे बघत राहिली. "कांदा घातला गं मी," एवढंच ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा झाला की मला तिने मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढचे दोन तास आमच्या घरात जो सावळागोंधळ झाला, तो बाबा आजही रंगवून सांगतात. त्यांना फोन करून पाहुण्यांना आमच्याकडे वळवायला सांगितलं. त्यांनी आठ-दहा माणसांना हॉलमध्ये बसवून चहा दिला, आणि आईने दारातून आत सरकवलेली ती फोडणीची पोळी सगळ्यांना बशीतून वाढली. दोन्ही नर्सनी ती दोनदा मागून घेतली आणि कृती विचारली. बाबा हे शेजारी येऊन आनंदाने सांगून गेले. त्या क्षणी हे सांगायची गरज होती का, पण बाबांना कोण आवरणार.

इकडे आईने ओढणी कमरेला खोचली आणि मैद्याचा डबा मागितला. दोघींनी मिळून कणीक मळली. आंटी लाटायची, चीर द्यायची, गुंडाळायची, आई भाजायची. पहिली रोटी भाजून झाली, पांढरी, गोल, अंगभर सोनेरी ठिपके, एकही भोक नाही. आंटीने दोन्ही उलथनी आईच्या हातात दिली. आई तशीच उभी राहिली.

"मुग्धा, तिला सांग, माझ्याच्याने नाही होणार. चांगली झालीये ती."

मी सांगितलं. आंटी तिच्या मागे येऊन उभी राहिली, आईच्या मनगटांना धरून तिने पहिला फटका मारला. दुसराही. मग हात सोडले. आई बडवत राहिली. तिसऱ्या रोटीपासून तिला लय सापडली, आणि मग ती तव्याकडे नाही, माझ्याकडे बघत बडवू लागली.

"कधीपासून खातेस इथे?"

"पहिल्यापासून."

फटका. "रोज?"

"रोज."

फटका. "मग माझ्या पोळ्या कुठे जायच्या? कचऱ्यात?"

मला रडू फुटलं. 'पोळ्या' एवढं आंटीला कळलं असावं. तिने लाटणं खाली ठेवलं, पिठाचा हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाली, "पोळी. मी." मग चहात बुडवून खाल्ल्याची खूण केली, बोटांनी साखर भुरभुरली, आणि फोटोकडे हात करून इंग्रजीत काहीतरी म्हणाली. मी डोळे पुसत भाषांतर केलं. "आई गेल्यापासून मला हातचं करून घालणारं दुसरं कुणी नव्हतं, असं म्हणते."

आईने तव्यावरची रोटी पुरती फाडली, पंच्यात गुंडाळली आणि पुढची मागितली. जेवायची वेळ टळून गेल्यावर पान वाढलं गेलं. पहिल्या पानात भात, छोले, भोपळा आणि एक मूठ फाटकी रोटी. ती आईने वाढावी, असं आंटीने हाताने खुणावलं.

आई आता थकली आहे, ऐकूही कमी येतं, पण हा विषय निघाला की ठासून सांगते की मी कांदा घातलाच नव्हता. मी वाद घालत नाही. या एका गोष्टीपुरता समजावून सांगण्याचा नाद मी सोडला तो सोडला.

रविवारी शाळा होती. बसमध्ये दप्तर मांडीवर घेतलं, तर डबा जड लागला. मधल्या सुट्टीत उघडला. भाजीच्या वर माझ्या तीन पोळ्या नेहमीसारख्या होत्या, आणि खालच्या कप्प्यात, वेगळ्या कागदात, आणखी तीन होत्या, तूप लावून साखर भुरभुरलेल्या. माझ्याशी मात्र आई मंगळवारपर्यंत बोलली नाही.